घर विकताना शेजार सांगावा

जुनं खरेदीखत वाचायला घेतलं की मिळकतीच्या वर्णनाशेवटी चतुःसीमा येते. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याची जमीन, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस ओढा. शेजाऱ्याचं नाव दस्तात असतंच. त्याच्याशी काय चाललंय, ते मात्र नसतं. पूर्वेकडच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे. पश्चिमेकडच्याच्या परसातून आपली वाट जाते आणि ती त्याच्या वडिलांनी कधीकाळी नुसत्या शब्दावर दिलेली आहे. हे दस्त लिहिणाऱ्याला कुणी सांगत नाही, आणि तोही विचारत नाही. घेणारा सामान घेऊन राहायला येतो तेव्हा त्याला ते कळतं.

*

रिसेलचा फ्लॅट घेताना कागदांची चळत जमते. शेअर सर्टिफिकेट, आधीच्या खरेदीचं इंडेक्स टू, मेंटेनन्सची बाकी नसल्याचा दाखला, सोसायटीचं ना हरकत पत्र, बँकेला हवा असलेला सर्च रिपोर्ट. वकील तीस-तीस वर्षं मागे जाऊन मिळकतीवर बोजा आहे का ते शोधतो. खालच्या मजल्यावरच्यांनी गेल्या पावसाळ्यात सोसायटीला लिहिलेलं पत्र त्या शोधात येत नाही. ते सेक्रेटरीच्या फायलीत असतं, आणि विकणाऱ्याच्या मनात.

*

कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, मिळकतीतला किंवा मालकीहक्कातला मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. दोष असा की जो त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या ध्यानात येणार नाही. तो लपवणं म्हणजे फसवणूक, असंही त्याच कलमात आहे. भिंतीवरून दावा चालू असेल, वाटेच्या हक्कावरून नोटीस आली असेल, तर ते इथे बसतं, कारण गोष्ट थेट मिळकतीला लागलेली आहे. पण वरच्या मजल्यावर रात्री अकराला पाटा-वरवंटा चालतो, हे मिळकतीतही बसत नाही आणि हक्कातही नाही. रेराकडेही जाता येत नाही. तो बिल्डर आणि नवा प्रकल्प यांच्यासाठी आहे, दोन खासगी माणसांतल्या जुन्या घराच्या व्यवहारासाठी नाही.

म्हणजे शेजाराबद्दल सांगायच्या बहुतेक गोष्टी कायद्याच्या बाहेर राहतात. त्या सांगायच्या की नाही, हे विकणाऱ्याच्या सचोटीवर येतं. माझं म्हणणं असं की सांगायच्याच. काय सांगायचं आणि काय नाही, याचीही एक रेघ आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

*

१८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ खाली घोड्याची उदाहरणं दिली आहेत. घोड्यात खोड आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे आणि तो लिलावात गप्प राहतो: ही फसवणूक नव्हे. घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निकोप आहे असं मी धरून चालतो’, आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच.

दीडशे वर्षांपूर्वीची ही तीन उदाहरणं प्रत्येक रिसेल व्यवहारात जिवंत आहेत. एजंट विकणाऱ्याला बजावतो, ‘काका, विचारलं तरच सांगा.’ हा सल्ला पहिल्या उदाहरणावर उभा आहे. म्हणून घेणाऱ्याने तिसऱ्या उदाहरणासारखं तोंडाने विचारावं: ‘शेजाऱ्यांशी काही वाद, तक्रार, पत्रव्यवहार आहे का? नाही असं धरून चाललो तर चालेल ना?’ एवढं विचारल्यावर गप्प बसणाऱ्याची बाजू कायद्यातही लंगडी पडते.

दुसऱ्या बाजूने, कलम १९ मधला अपवाद घेणाऱ्यालाही जागं ठेवतो. साधारण चौकशी करून जे कळलं असतं, ते कळवून न घेता केवळ समोरचा गप्प राहिला म्हणून करार मोडता येत नाही. तेव्हा जिना उतरून खालच्या मजल्याची बेल वाजवायचं काम घेणाऱ्याचं आहे.

*

खालच्या मजल्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सोसायट्यांतली निम्मी भांडणं पाण्याची असतात, आणि ते पाणी नळातलं नसून छतातलं असतं.

घर विकायला काढलं की मालक आधी रंग देतो. आपल्या घरातली ओल त्याखाली झाकली जाते. पण आपल्या बाथरूममधून खाली उतरणारं पाणी आपल्या घरात दिसतच नाही. ते दिसतं खालच्यांच्या बाथरूमच्या छताला: पिवळसर कडेचा डाग, मध्ये क्षार फुटून आलेली पांढरी पापुद्री, आणि नहाणीच्या ट्रॅपखाली प्लास्टर सुटून उघडी पडलेली सळई. तिथे बादली ठेवलेली असेल तर गोष्ट बरीच पुढे गेली असं समजावं. काही ठिकाणी पीओपीचं खोटं छत लावून घेतलेलं असतं. तेव्हा त्या घरच्यांनाच विचारावं लागतं.

फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकमधून होणारी गळती ज्याच्या घरातून होते त्याने दुरुस्त करायची, असं आदर्श उपविधींचं साधारण धोरण आहे. गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सोसायटीची. तेव्हा नव्या मालकाने घर घेतलं की त्या गळतीचं काम त्याच्या अंगावर येतं. संकन स्लॅब उघडायचा, फरशी फोडायची, वॉटरप्रूफिंग करायचं, पुन्हा कोबा, पुन्हा टाईल्स. खर्च मोठा, आणि एका बाथरूमच्या घरात पंधरा दिवस अंघोळीची पंचाईत. खालचे लोक तोवर दोन मालकांना कंटाळलेले असतात. नवा माणूस पेढे घेऊन जातो आणि त्याला छत दाखवलं जातं. पहिल्या भेटीत जो सूर लागतो तो पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही, आणि यात नव्या माणसाचा काहीच दोष नसतो.

विकणाऱ्याने एक वाक्य बोललं असतं, तर घेणाऱ्याने ती रक्कम किमतीतून वळती करून मागितली असती. एवढंच झालं असतं.

*

घराबरोबर भिंती जातात, दारं जातात, पंखे ठरलं तर जातात. तोंडी ठराव जात नाहीत. प्रत्येक जुन्या घराभोवती त्यांचं जाळं असतं, आणि ज्यांनी ते विणलं त्यांच्याशिवाय कुणाला ते दिसत नाही.

समोरच्यांची चपलांची रॅक लॉबीत आपल्या दाराच्या बाजूला आहे, कारण त्यांच्या आजींना वाकता येत नव्हतं तेव्हा आपणच हो म्हटलं होतं. तळमजल्यावरचे आपल्या पार्किंगमध्ये स्कूटर लावतात, त्याबदल्यात आपल्या कुंड्या त्यांच्या अंगणात आहेत. वरच्यांचा एसीचा पाइप आपल्या खिडकीशेजारून जातो. टाकीचं पाणी सोडायची किल्ली आळीपाळीने असते. वॉचमनच्या रात्रीच्या चहाचे पैसे तीन घरं मिळून देतात.

नवा मालक येतो, रॅक हलवायला सांगतो, स्कूटर काढायला सांगतो. त्याच्या बाजूने तो बरोबर आहे. दस्तात पार्किंग त्याचं आहे. समोरच्यांच्या बाजूने तो उद्धट आहे. दहा वर्षं चाललेली गोष्ट त्याने एका दिवसात मोडली. दोन्हीकडची माणसं भली असून भांडण लागतं. विकणाऱ्याने दोन्ही घरांना एकदा समोरासमोर बसवून ‘हे असं ठरलं होतं, आता तुम्ही तुमचं ठरवा’ एवढं सांगायला हवं होतं.

पार्किंगचं तर विशेष. ‘फ्लॅट विथ पार्किंग’ अशी जाहिरात सर्रास असते. पण २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पंचाली सोसायटी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोकळी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही. ती सामाईक सोय आहे. अनेक जुन्या सोसायट्यांत पार्किंग हे सोसायटीने केलेलं वाटप असतं. काही ठिकाणी तर नुसती समजूत असते, की अमुक खांबामागची जागा त्यांची. ती समजूत विकता येत नाही. कुठली जागा वाटपपत्रावर आहे आणि कुठली समजुतीवर, हे विकणाऱ्याने वेगळं करून सांगावं.

*

आता ती रेघ.

शेजारी काय *करतो*, आणि त्याचा आपल्या घरावर काय परिणाम होतो, हे सांगावं. शेजारी *कोण* आहे, हे सांगू नये.

जात सांगू नये. धर्म सांगू नये. काय खातात, कोण एकटी राहते, कुणाचा घटस्फोट झालाय, कुणाचा मुलगा कुणाबरोबर राहतो, कुणाचं कर्ज थकलंय, यातलं काहीही विकणाऱ्याच्या तोंडून येऊ नये. घेणाऱ्याने खोदून विचारलं तरी येऊ नये. ‘बिल्डिंगमध्ये लोक कसे आहेत?’ या प्रश्नाचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा तोच असतो, आणि विकणाराही खालच्या आवाजात ‘सगळे आपलेच’ असं उत्तर देऊन मोकळा होतो. त्या एका शब्दात किती घरं बाहेर ठेवली जातात! सहकार कायद्याच्या कलम २३ मध्ये खुल्या सभासदत्वाचं तत्त्व आहे. पुरेसं कारण नसताना पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. दुसरीकडे २००५ च्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात विशिष्ट समाजापुरती सोसायटी ठेवणारे उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. कायद्यातलं चित्र असं गुंतागुंतीचं आहे. विकणाऱ्यासाठी ते सोपं आहे: शेजाऱ्याची ओळख हा त्याच्या मालकीचा माल नाही. तो विकायला किंवा फुकट वाटायला त्याला अधिकार नाही.

यात सुरक्षितपणाही आहे. ‘वरचे भांडकुदळ आहेत’ हा शेरा झाला. तो कानोकान गेला तर अब्रुनुकसानीपर्यंत जाऊ शकतो. ‘गच्चीच्या किल्लीवरून आमचा दोन वर्षं पत्रव्यवहार झाला, पत्रं ही’ ही घडलेली गोष्ट झाली. घेणारा ती वाचून कदाचित वरच्यांचीच बाजू घेईल. घेऊ द्यावी.

*

सगळ्यात अवघड प्रसंग असा: शेजारच्या घरात आजार आहे. एखादं विशेष मूल आहे आणि ते रात्री ओरडतं. एखाद्या आजोबांना विस्मरण झालंय आणि ते पहाटे सगळ्यांच्या बेल वाजवतात.

आवाज सांगावा, आजार सांगू नये. ‘शेजारून रात्री कधीकधी मोठा आवाज येतो, थोड्या वेळात थांबतो’ एवढं पुरे. त्याहून बरं म्हणजे त्या घरच्यांनाच आधी विचारावं: ‘घर दाखवतोय, नव्या लोकांना काय सांगू?’ बहुतेक घरं स्वतःच सांगतात. वर्षानुवर्षं सांभाळत आलेल्या माणसांना नव्या शेजाऱ्याच्या कपाळावरच्या आठीची आधीच सवय असते. आपण सांगू, असंच त्यांना वाटतं. तो मान त्यांना द्यावा.

मारहाणीचे आवाज येत असतील तर गोष्ट वेगळी. ते घेणाऱ्याला सांगायचं प्रकरण नाही. ते ऐकलं त्या रात्री ११२ ला फोन करायचं प्रकरण आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं, आणि ती सद्भावनेने दिली असेल तर देणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. भिंतीपलीकडचं रडणं वर्षानुवर्षं ऐकायचं आणि घर विकताना किमतीच्या बोलण्यात ते काढायचं, याला मी माणुसकी म्हणणार नाही.

*

आवाजाचे कायदे पाठ असलेले बरे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. पण घर बघायला लोक येतात रविवारी सकाळी अकराला. तेव्हा मागचं मंगल कार्यालय एक तर बंद असतं किंवा नुसत्या सनईवर असतं. वरात रात्री निघते. शेजारची गिरणी दुपारची झोपेत असते. क्लासची मुलं संध्याकाळी जिन्यात असतात. समोरच्या चौकात मांडव पडतो तो भाद्रपदात. विकणाऱ्याने ते घर बारा महिने आणि चोवीस तास पाहिलेलं असतं, घेणाऱ्याने पाऊण तास. म्हणून ‘कुठल्या महिन्यात आणि किती वाजता काय ऐकू येतं’ हे विकणाऱ्यानेच सांगायला हवं. घेणाऱ्याला जमेल तर त्याने एकदा रात्री साडेदहाला आणि एकदा पहाटे यावं. पावसात आला तर उत्तमच.

*

कबुतरं. कुणीतरी खिडकीच्या छज्ज्यावर रोज दाणे टाकतं, आणि कबुतरांची विष्ठा खालच्या दोन मजल्यांच्या एसीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर साठते. तिच्या सततच्या संपर्काने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हे डॉक्टर सांगतात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली तेव्हा गोष्ट रस्त्यावर आली; सोसायट्यांत ती त्याच्या कितीतरी आधीपासून धुमसत होती. घरात दम्याचं माणूस असेल तर घेणाऱ्याला ही माहिती इंटीरिअरपेक्षा मोलाची. सांगावी.

*

गावाकडची गोष्ट. कोकणात घर-परडं विकताना गडग्याच्या पलीकडच्या माणसाची संमती कुणी विचारत नाही, पण घरात सुखाने राहणं त्याच्यावर असतं. विहीर सामाईक, तिच्यावर पंप कुणी कधी लावायचा ते ठरलेलं. फणसाचं खोड इकडे, फांद्या तिकडे. घाटावर शेतात बांध कोरणारा शेजारी असेल तर दर नांगरटीला वीत-वीत जमीन जाते, आणि मोजणी आणल्याशिवाय किती गेली ते कळत नाही. वाट अडवली तर तहसीलदाराकडे दोन रस्ते आहेत: शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, आणि असलेली वाट अडवली असेल तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा. दोन्ही रस्ते लांबचे. मुंबई-पुण्याहून गावात जमीन घेणाऱ्याला हे काही माहीत नसतं. त्याला सातबारा दाखवला जातो, आणि सातबाऱ्यावर शेजाऱ्याच्या नांगराची नोंद नसते.

*

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर-जमिनीच्या विक्रीची रीत दिली आहे: आधी नातलग, मग शेजारी, मग सावकार यांना घेण्याचा मान, नंतर बाहेरचे. आणि विक्री पुकारायची ती त्या घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष. सीमा सांगून, तीनदा विचारून, कुणी हरकत घेतली नाही तर व्यवहार पुरा. शेजाऱ्याचा पहिल्या खरेदीचा हक्क पुढे अनेक प्रांतांत रूढी आणि कायद्यांतून चालत राहिला. १९६२ मध्ये भाऊराम विरुद्ध बैजनाथ सिंह या निकालात सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारी म्हणून मिळणारा तो हक्क घटनेत बसत नाही असं ठरवलं. योग्यच झालं, त्या हक्काने नको असलेली माणसं बाहेर ठेवली जात. पण जुन्या रीतीत एक भाग चांगला होता: विक्री होताना शेजारी हजर असत, आणि हरकत असेल तर ती तिथेच, घेणाऱ्याच्या कानावर पडे.

*

इंग्लंड आणि वेल्समध्ये घर विकणारा सहसा लॉ सोसायटीचा टीए६ हा फॉर्म भरतो. या किंवा जवळच्या मिळकतीबाबत वाद वा तक्रारी झाल्या आहेत का, पुढे वाद होईल असं काही माहीत आहे का, असं त्यात विचारलेलं असतं. खोटं लिहिलं तर भरपाईचा दावा होऊ शकतो. याचा उलटा परिणामही तिथे बोलला जातो: पुढे फॉर्ममध्ये लिहावं लागेल म्हणून लोक तक्रारच नोंदवत नाहीत. आपल्याकडे फॉर्म नसूनही ‘उद्या विकायचंय, कशाला कागद करा’ म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तरीही फॉर्म हवा असं वाटतं. आदर्श उपविधींत सभासदत्व हस्तांतराचे इतके नमुने आहेत. त्यांत एक पान जास्त झालं तर बिघडत नाही.

*

पुनर्विकास. जुन्या इमारतीत घर घेताना शेजारी म्हणजे मतंही असतात. २०१९ च्या शासन निर्णयानंतर एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. पण पुरते म्हणजे काम सुरळीत चालतं असं नाही. एक-दोन सभासद कोर्टात गेले की वर्षं जातात. विरोध कुणाचा आणि का, यातलं ‘कुणाचा’ सांगू नये, ‘का’ जरूर सांगावं. कार्पेट एरियावरून, बिल्डरवरून, की आधीच्या कमिटीच्या हिशेबावरून? सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं घेणाऱ्याला वाचायला द्यावीत.

*

चांगलंही सांगावं, आणि तेही नेमकं. ‘शेजार खूप छान’ याने काही कळत नाही. ‘आमची किल्ली समोर असते. रात्री दोनला आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा खालच्यांनी गाडी काढली. कुरिअर तळमजल्यावर घेतात, त्यांना दिवाळीला फराळ द्या.’ अशा माहितीवर घर बसतं. विकणारे हे सांगायला विसरतात, कारण त्यांना ते घराचा भाग वाटतच नाही.

*

मी कागद लिहिला तर असा लिहीन, आणि टोकन घेण्याआधी देईन:

‘वरच्या घरात लहान मुलं आहेत, सकाळी सहा ते आठ पावलांचा आवाज येतो. खालच्यांच्या बाथरूमच्या छताला ओल होती. दोन वर्षांपूर्वी आपल्या नहाणीचं काम केलं, ठेकेदाराची पावती सोबत, त्यानंतर तक्रार नाही. तरी खाली जाऊन बघून घ्या. पार्किंग क्रमांक वाटपपत्राप्रमाणे. त्यात खालच्यांची स्कूटर असते, ती आमच्या सांगण्यावरून, तुमच्यावर बंधन नाही. लॉबीतल्या रॅकबद्दल समोरच्यांशी बोला. मे महिन्यात पाणी एक वेळ, टँकरचा खर्च वेगळा. सोसायटीशी आमचा पत्रव्यवहार एकच, गच्चीच्या किल्लीबाबत, प्रत सोबत. लोकांच्या घरगुती गोष्टी आम्ही सांगणार नाही, आमच्याही त्यांनी कुणाला सांगितल्या नाहीत.’

*

आणि शेजाऱ्यांनाही सांगावं. घर कुणी घेतलं, कधी येणार, काम किती दिवस चालणार, ड्रिलचा आवाज दुपारी एक ते चार बंद ठेवायला सांगितलंय की नाही. नवा माणूस रात्रपाळीला असेल आणि दिवसा झोपत असेल तर तेही, अर्थात त्याला विचारून. जुन्या मालकाचा फोन नंबर दोन्हीकडे राहू द्यावा. गळती, पाइप, किल्ली यांबद्दल पहिलं वर्षभर तरी विचारणा येते, आणि ती त्याच्याकडेच यायला हवी.